जनुक तेच, गुणसूत्राचा क्रमांक वेगळा: तक्ता दरवर्षी कुठे चुकतो आणि तो कसा तपासावा

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी केलेला तक्ता माझ्यासमोर ठेवला, तेव्हा त्यातली एकच ओळ तांबड्या शाईने दुरुस्त केलेली होती. तक्ता रोगांशी निगडित जनुकांचा होता: कोणते जनुक कोणत्या सस्तन प्राण्यात कोणत्या गुणसूत्रावर आहे, एवढेच त्यात लिहायचे होते. माणसासाठी तिने यूएमपीएस हे जनुक ३ वर, आयटीजीबी२ हे २१ वर आणि एफ११ हे ४ वर दाखवले होते. गायीसाठी पहिली दोन जनुके १ वर आणि तिसरे २७ वर होते. म्हशीसाठी मात्र तिन्ही १ वर आले होते. संगणकावर रकाना खाली ओढताना तोच आकडा उतरला असावा, असे समजून तिने एफ११ समोरचा म्हशीचा १ खोडला आणि तिथे गायीचा २७ लिहिला. तिने जे खोडले ते बरोबर होते आणि जे लिहिले ते चूक होते.

बेळगावात हा विषय शिकवताना मला ही अडचण जवळजवळ प्रत्येक वर्षी भेटते. कधी ती म्हशीच्या ओळीत असते, कधी मेंढीच्या, तर कधी उंदराच्या. विद्यार्थी निष्काळजी नसतात. उलट बहुतेक चुका दुरुस्ती करतानाच होतात, कारण गायीचा क्रमांक म्हशीला लागू व्हावा, असे मनाला सहज वाटते. ही चूक कोणत्या वाटांनी येते आणि ती कोणत्या क्रमाने तपासली असता लवकर सापडते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी ही जनुके कोणती, ते सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागात संकरित होल्स्टीन गायी घरोघरी आहेत आणि त्यांचे रेतन गोठवलेल्या वीर्याने होते. अशा वीर्यासाठी वळू निवडताना भारतात ज्या आनुवंशिक दोषांची चाचणी घेतली जाते, त्यांपैकी चार दोष मी प्रकल्पासाठी देते. पहिल्या दोषात आयटीजीबी२ या जनुकातील बिघाडामुळे पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून ऊतींमध्ये उतरू शकत नाहीत, त्यामुळे वासराला वारंवार न्यूमोनिया आणि हगवण होते, जखमा भरत नाहीत आणि ते लहान वयातच दगावते. दुसरा दोष यूएमपीएस या जनुकाचा आहे. त्यात दोन्ही प्रती सदोष असलेला गर्भ साधारण ४० व्या दिवसाच्या सुमारास मरतो आणि शेतकऱ्याला एवढेच दिसते की गाभण समजलेली गाय उलटली. तिसरा एएसएस१ चा: वासरू जन्मतः धड दिसते, परंतु रक्तात अमोनिया साठून आठवड्याभरात मरते. चौथा एफ११ चा, ज्यात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. हे चारही दोष अप्रभावी आहेत, म्हणजे एकच सदोष प्रत असलेला वळू पूर्ण निरोगी दिसतो आणि तरीही ती प्रत आपल्या निम्म्या संततीला देतो. म्हणूनच जनुकाची जागा नेमकी माहीत असण्याला आमच्या गोठ्यांच्या दृष्टीने अर्थ आहे.

पहिली तपासणी: तो क्रमांक त्या प्राण्यात आहे का?

ही तपासणी एका मिनिटात होते आणि निम्म्या चुका येथेच पकडल्या जातात. माणसात ४६ गुणसूत्रे असतात, गायीत ६०, शेळीत ६०, मेंढीत ५४, डुकरात ३८, घोड्यात ६४, कुत्र्यात ७८, मांजरात ३८ आणि उंदरात ४०. आपल्याकडच्या म्हशीत, मग ती पंढरपुरी असो, सुरती असो की मुऱ्हा, ५० असतात. ५० मधून लिंग गुणसूत्रांची एक जोडी वजा केली की २४ जोड्या उरतात. म्हणजे म्हशीत २७ क्रमांकाचे गुणसूत्रच नाही. विद्यार्थिनीने तांबड्या शाईने लिहिलेला पत्ता अस्तित्वातच नव्हता. म्हणून तक्ता भरण्याआधी प्रत्येक प्राण्याच्या नावासमोर जोड्यांची संख्या लिहून ठेवावी, असा माझा आग्रह असतो. त्या संख्येपेक्षा मोठा आकडा दिसला की पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

मांजराच्या बाबतीत मात्र ही मोजणी उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या गुणसूत्रांना आकारानुसार ए ते एफ अशी अक्षरे देऊन मग त्या गटात क्रमांक दिलेले आहेत. मांजराचे सी२ हे गुणसूत्र तक्त्यात नुसते २ म्हणून उतरवले, की ते अक्षराबरोबर आपली ओळखही गमावते.

क्रमांक का जुळत नाहीत

गुणसूत्रांना क्रमांक देण्याची पद्धत ही मुळात सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते लांबीनुसार मांडण्याची पद्धत आहे, आणि ती प्रत्येक प्रजातीसाठी स्वतंत्रपणे वापरली गेली. माणसाचे १ आणि गायीचे १ यांच्यात त्या आकड्यापलीकडे काही नाते असेलच असे नाही. एका प्रजातीच्या आतही हा क्रम नेहमी काटेकोर नसतो: माणसाचे २१ वे गुणसूत्र हे २२ व्याहून लहान आहे, परंतु १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोमचा संबंध एका जादा लहान गुणसूत्राशी जोडला गेला आणि २१ हा आकडा त्या आजाराशी इतका घट्ट बसला की पुढे तो बदलला गेला नाही.

हे समजावताना मला आमच्या भागातली जमिनीची नोंद उपयोगी पडते. बेळगाव तालुक्यातल्या उताऱ्यावर शेताची ओळख सर्व्हे नंबराने आणि पोटहिश्श्याने होते. सीमेपलीकडे चंदगडच्या बाजूला तुकडेजोड होऊन गट नंबर आले. दोन्हीकडे जमीन असलेल्या घरातल्या मुलाला हे सांगावे लागत नाही की इकडचा ४२ आणि तिकडचा ४२ यांचा परस्परांशी संबंध नाही, आणि जुन्या खरेदीखतातला नंबर आजच्या उताऱ्यात शोधायचा असेल तर नंबरावरून न जाता चतुःसीमेवरून जावे लागते: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, ओढा कोणत्या अंगाला. जनुकाचा पत्ताही असाच शोधायचा असतो. क्रमांक शेवटी लिहावा, आधी शेजारी पाहावेत.

आता म्हशीच्या १ कडे वळू. गायीची २९ ही कायिक, म्हणजे लिंग गुणसूत्रे सोडून उरलेली, गुणसूत्रे एका टोकाशी सेंट्रोमिअर (भुजा जिथे जोडल्या जातात तो बिंदू) असलेली, म्हणजे एकाच भुजेची आहेत. नदी-म्हशीच्या, म्हणजे आपल्याकडच्या म्हशीच्या, वंशात त्यांच्याशी समरूप असलेल्या दहा गुणसूत्रांच्या दोन-दोन अशा पाच जोडण्या झाल्या आणि पाच मोठी, दोन भुजांची गुणसूत्रे तयार झाली. गायीच्या क्रमांकांत सांगायचे तर म्हशीचे १ म्हणजे गायीचे १ आणि २७, म्हशीचे २ म्हणजे २ आणि २३, ३ म्हणजे ८ आणि १९, ४ म्हणजे ५ आणि २८, आणि ५ म्हणजे १६ आणि २९. भुजांची संख्या कमी झाली नाही, केवळ गाठोडी कमी झाली. म्हणून ६० ची ५० झाली. गायीचे २७ म्हशीत नाहीसे झाले नाही. ते म्हशीच्या पहिल्या गुणसूत्राची लहान भुजा म्हणून बसले आहे आणि एफ११ त्याच भुजेवर आहे. यूएमपीएस आणि आयटीजीबी२ मोठ्या भुजेवर आहेत. तिन्ही जनुके १ वर, हे उत्तर बरोबर होते, पण त्यामागचे कारण तक्त्यात कुठेही लिहिलेले नव्हते, आणि कारण नसले की बरोबर उत्तरही संशयास्पद दिसते.

मेंढीत पुन्हा वेगळीच मांडणी आहे. तिचे १ हे गायीच्या १ आणि ३ यांच्या जोडातून, २ हे २ आणि ८ यांच्या, तर ३ हे ५ आणि ११ यांच्या जोडातून बनलेले आहे. त्यामुळे दख्खनी मेंढीत यूएमपीएस आणि आयटीजीबी२ हे १ वरच सापडतील, परंतु एफ११ मात्र २६ वर असेल, कारण गायीच्या २७ शी जुळणारे गुणसूत्र मेंढीत एकटेच राहिले आणि त्याला २६ हा क्रमांक मिळाला. एएसएस१ गायीत ११ वर आहे, म्हणून मेंढीत ते ३ वर येते. म्हशीत ११ या गुणसूत्राची जोडणी झाली नाही, पण वरची पाच आधी मोजली गेल्यामुळे मधले क्रमांक सरकले आणि गायीचे ११ हे म्हशीचे १२ झाले. गाय, म्हैस आणि मेंढी या तिघींतही आयटीजीबी२ समोर १ हा आकडा येतो, आणि मला हाच योगायोग सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यामुळे तिन्ही क्रमांक एकाच पद्धतीचे आहेत असा समज पक्का होतो आणि पुढची ओळ त्या समजावर भरली जाते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. म्हशीवरचे काही लेख आग्नेय आशियातल्या दलदली म्हशीचे असतात. तिच्यात गुणसूत्रे ४८ असतात, कारण नदी-म्हशीचे ४ आणि ९ तिच्यात एकमेकांना जोडले गेले आहेत, आणि त्या जोडातून झालेले मोठे गुणसूत्र तिथे १ म्हणून ओळखले जाते. लेखात केवळ म्हैस एवढेच वाचून आकडा उतरवला, तर आपल्या पंढरपुरीच्या तक्त्यात परक्या म्हशीचा पत्ता येतो.

जुना लेख, जुना क्रमांक

गायीची सर्व कायिक गुणसूत्रे एकाच घाटाची असल्याने, लांबीने जवळ असलेली लहान गुणसूत्रे एकमेकांपासून ओळखणे पूर्वी फार कठीण होते. १९७६ च्या रीडिंग परिषदेपासून त्यांच्या क्रमांकांचे प्रमाणीकरण सुरू झाले, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, १९९६ मध्ये टेक्सास नामपद्धती ठरली आणि २००० च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने गाय, मेंढी आणि शेळी यांचे क्रमांक एकत्र मांडले. या काळात विशेषतः २५, २७ आणि २९ यांच्याबाबत गोंधळ होता. म्हणून जुन्या लेखांत म्हशीचे पहिले गुणसूत्र गायीच्या १ आणि २५ यांच्या जोडातून बनल्याचे वाचायला मिळते, तर आज आपण १ आणि २७ म्हणतो. गुणसूत्र बदललेले नाही, त्याच्यावरची पाटी बदलली आहे. विद्यार्थ्याने २००० पूर्वीचा लेख वापरला असेल, तर त्या लेखात कोणती नामपद्धती वापरली आहे, हे साधने व पद्धती या भागात पाहिल्याशिवाय आकडा घेऊ नये. ही गोष्ट सांगणे सोपे आहे, परंतु छायाप्रतीत नेमके तेच पान नसते, असा अनुभव आहे.

शेजारी पाहणे

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि विद्यार्थी यालाच सर्वांत कमी वेळ देतात. माणसाच्या २१ व्या गुणसूत्राच्या टोकाकडे आयटीजीबी२ च्या एका बाजूला पीटीटीजी१आयपी आणि सुमो३, तर दुसऱ्या बाजूला एडीएआरबी१ आणि सीओएल१८ए१ ही जनुके आहेत. गायीच्या किंवा म्हशीच्या जीनोममध्ये आयटीजीबी२ म्हणून जे सापडले, त्याच्या आजूबाजूला हीच मंडळी दिसली, तर आपण योग्य दारात उभे आहोत. न दिसल्यास थांबावे.

शेजाऱ्यांचा उपयोग केवळ पडताळणीपुरता नाही. क्रमांक वेगळे का आहेत, हेही त्यांच्यामुळे कळते. यूएमपीएस माणसात ३ वर आणि आयटीजीबी२ २१ वर असूनही गायीत ती दोन्ही १ वर का आहेत, असा प्रश्न निपाणीच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता, आणि तो प्रश्न मला फार आवडला. उत्तर असे की वारयुक्त सस्तन प्राण्यांच्या समान पूर्वजात, आज माणसात ३ आणि २१ वर असलेला मजकूर एकाच गुणसूत्रावर जोडलेला होता. गायीच्या १ मध्ये, डुकराच्या १३ मध्ये आणि मांजराच्या सी२ मध्ये तो जोड अजून टिकून आहे. माकड आणि मानव यांच्या वंशात तो तुटला. म्हणजे या बाबतीत जुनी मांडणी गायीत टिकली आहे आणि वेगळे झालो ते आपण. माणसाचा तक्ता प्रमाण मानून बाकीचे प्राणी त्याला जुळवत बसण्याची सवय येथे अडचणीची ठरते.

उंदरात आणखी मोडतोड झाली. माणसाच्या २१ चा मजकूर उंदरात १६, १७ आणि १० अशा तीन गुणसूत्रांवर विखुरलेला आहे. मोठा भाग १६ वर आहे आणि यूएमपीएसही तिथेच आहे, म्हणजे तो जुना जोड उंदरात अंशतः टिकला आहे, परंतु आयटीजीबी२ ज्या टोकावर आहे ते टोक तुटून १० वर गेले. त्यामुळे मानवी २१ म्हणजे उंदराचे १६, असा ठोकताळा लावणाऱ्या विद्यार्थ्याचे आयटीजीबी२ चुकते. कुत्र्यात मात्र २१ चा मजकूर ३१ व्या गुणसूत्रावर आहे आणि आयटीजीबी२ ही तिथेच आहे. गुणसूत्राचे गुणसूत्राशी समीकरण मांडण्यापेक्षा खंडाचे खंडाशी मांडावे, हे या एका जनुकावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने मला दाखवता आलेले नाही.

सिंटेनी हा शब्द वाचतानाही सावध असावे. जुन्या लेखांत त्याचा अर्थ दोन जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत, एवढाच असतो. संगणकीय लेखांत तो अनेकदा जनुकांचा क्रमही टिकून आहे, अशा अर्थाने वापरला जातो. पहिल्या अर्थाने म्हशीत एफ११ आणि यूएमपीएस सिंटेनिक आहेत, पण त्यांच्यामध्ये सेंट्रोमिअर आहे आणि ती शेजारी मुळीच नाहीत.

एक्स गुणसूत्राबद्दल थोडक्यात: वारयुक्त सस्तन प्राण्यांत एक्सवरची जनुके सहसा एक्सवरच राहतात, हे सुसुमु ओहनो यांनी १९६७ मध्ये मांडले. त्यामुळे हिमोफिलिया ए च्या एफ८ जनुकाची ओळ सहसा चुकत नाही.

सापडलेले जनुक तेच आहे का?

कधी कधी गुणसूत्राचा क्रमांक चुकण्याचे कारण असे असते की जनुकच दुसरे सापडलेले असते. याचे तीन प्रकार मी वारंवार पाहिले आहेत.

आयटीजीबी२ हे इंटिग्रिन बीटा कुटुंबातले आहे आणि या कुटुंबात सस्तन प्राण्यांत आठ सदस्य आहेत. होल्स्टीनमधला दोष ज्या भागात आहे, तो भाग इतका जपला गेला आहे की बीटा-१ आणि बीटा-२ या प्रथिनांत तिथली सलग अनेक अमिनो आम्ले अक्षरशः सारखी आहेत. विद्यार्थी त्या दोषाभोवतीचा छोटा तुकडा घेऊन ब्लास्ट शोध (दिलेला क्रम कुठे कुठे जुळतो हे पाहणारा संगणकीय शोध) लावतो आणि यादीत सर्वांत वर त्याला आयटीजीबी१ मिळते, जे माणसात १० वर आणि गायीत १३ वर आहे. उपाय दोन आहेत: शोधासाठी प्रथिनाचा पूर्ण क्रम द्यावा, आणि जे सापडले ते उलट दिशेने मानवी प्रथिनांवर शोधून पाहावे. उलट शोधात सर्वांत वर आयटीजीबी२ आले नाही, तर ते समजातीय, म्हणजे समान पूर्वजाकडून आलेले तेच, जनुक नव्हे.

एफ११ चा प्रकार अधिक फसवा आहे. त्याच्या अगदी शेजारी केएलकेबी१ हे जनुक आहे आणि ही दोन्ही एकाच पूर्वज जनुकाच्या द्विगुणनातून झालेली भावंडे आहेत. येथे गुणसूत्राचा क्रमांक बरोबर येतो, शेजारीही बरोबर दिसतात, पण हातात जनुक मात्र शेजारचे येते. तक्ता तपासून ही चूक सापडत नाही. ती सापडते प्राइमर, म्हणजे जनुकाचा भाग वाढवून घेण्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, मागवल्यानंतर. म्हणून एफ११ साठी उलट शोध कधीही टाळू नये.

एएसएस१ ची अडचण छद्मजनुकांची, म्हणजे जनुकाच्या निकामी प्रतींची, आहे. माणसात या जनुकाची १४ प्रक्रियित छद्मजनुके निरनिराळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. ती संदेशक आरएनएवरून उलट लिहिली जाऊन जीनोममध्ये बसलेली असल्यामुळे त्यांत इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या एक्सॉन या सांकेतिक तुकड्यांच्या मधले भाग, नसतात. विद्यार्थी सीडीएनएचा (संदेशक आरएनएवरून तयार केलेल्या डीएनएचा) क्रम घेऊन शोध लावतो, तेव्हा खरे जनुक अनेक एक्सॉनच्या तुकड्यांत विभागून दिसते आणि छद्मजनुक एकसलग, मोठ्या लांबीचे दिसते. त्यामुळे एकेका तुकड्याच्या गुणांची तुलना केली की खोटे जनुक पुढे जाते. खरे जनुक ९ वर, एबीएल१ च्या जवळ आहे. जुळणी तुकड्यातुकड्यांत आहे की एकसलग, हे पाहिल्याशिवाय तिच्या गुणांना महत्त्व देऊ नये.

नावांचाही घोळ असतो, पण तो लवकर सुटतो. आयटीजीबी२ जुन्या लेखांत सीडी१८ म्हणून येते आणि एएसएस१ केवळ एएसएस म्हणून. आमच्याकडे भाषेचा एक प्रश्न यात मिसळतो. कन्नड माध्यमातून आलेले विद्यार्थी गुणसूत्राला वर्णतंतु म्हणतात आणि जनुकाला वंशवाहि, मराठी माध्यमातून आलेले गुणसूत्र आणि जनुक म्हणतात, आणि गटात काम करताना एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या वहीत भलत्याच रकान्यात जाते. मी आता तक्त्याच्या डोक्यावर दोन्ही भाषांतले शब्द लिहायला सांगते.

जागेचा आकडा कोणत्या आवृत्तीतला?

गुणसूत्र बरोबर असूनही त्यावरची जागा चुकू शकते. हे मी स्वतः अनुभवले आहे. गायीच्या आयटीजीबी२ भोवतीचा क्रम काढताना मी एका जुन्या लेखातला जागेचा आकडा घेतला, जो यूएमडी३.१ या २००९ च्या जुळणीतला, म्हणजे तुकडे जोडून तयार केलेल्या संपूर्ण जीनोमच्या आवृत्तीतला, होता, आणि तो २०१८ च्या एआरएस-यूसीडी१.२ या जुळणीत टाकला. मिळालेल्या क्रमावर प्राइमर तयार केले. जेलवर अपेक्षित पट्टा आला नाही. पुढचे दोन आठवडे मी मॅग्नेशिअमचे प्रमाण, तापमान आणि डीएनएची शुद्धता यांवर घालवले आणि त्यात विद्यार्थ्यांचाही वेळ गेला, याचे मला आजही वाईट वाटते. दोष नळीत नव्हता. नव्या जुळणीत त्या आकड्यावर दुसराच मजकूर होता. तेव्हापासून माझ्याकडे जुळणीचे नाव नसलेला कोणताही जागेचा आकडा स्वीकारला जात नाही. जुनी जागा नव्या जुळणीत न्यायची असेल, तर त्यासाठी असलेले रूपांतराचे साधन वापरावे किंवा क्रमच पुन्हा शोधावा. म्हशीसाठी २०१९ ची यूओए_डब्ल्यूबी_१ ही गुणसूत्रांच्या पातळीवरची जुळणी वापरावी. त्याआधीच्या जुळण्यांत तुकड्यांना गुणसूत्राचा क्रमांकच नव्हता आणि विद्यार्थी तुकड्याचा अनुक्रमांक गुणसूत्राचा समजून लिहीत असत.

काही नोंदपद्धतींत मोजणी शून्यापासून होते आणि काहींत एकपासून, त्यामुळे एका अक्षराचा फरक पडतो. जनुक उलट धाग्यावर असेल, तर अक्षरेही पूरक दिसतात आणि ए चा जी झालेला बदल तिथे टी चा सी झालेला दिसतो.

दोषाची जागा मोजून पाहणे

जनुक खरे आहे, याची शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे दोषाची जागा हाताने मोजणे. होल्स्टीनमधील आयटीजीबी२ चा दोष १९९२ मध्ये वर्णिला गेला: सांकेतिक क्रमातील ३८३ व्या स्थानी ए ऐवजी जी, आणि त्यामुळे १२८ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन. १२८ ला ३ ने गुणले की ३८४ येतात, म्हणजे ३८३ हे १२८ व्या कोडॉनचे (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांच्या गटाचे) मधले अक्षर. कोडॉन जीएसी चा जीजीसी होतो. त्याच्या आधीची दोन अक्षरे टीसी असल्याने निरोगी प्रतीत टीसीजीए हा क्रम तयार होतो, जो टॅकवन हे विकर कापते. सदोष प्रतीत तो क्रम उरत नाही आणि विकर कापत नाही. तुम्ही काढलेल्या क्रमात आरंभाच्या एटीजी पासून मोजत जाऊन १२८ व्या जागी जीएसी सापडले नाही, तर एक तर प्रतिलेख, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत, दुसरा आहे किंवा जनुक दुसरे आहे. यूएमपीएसमध्ये ४०५ वा आणि एएसएस१ मध्ये ८६ वा कोडॉन याच रीतीने पाहावा. दोन्हीकडे सीजीए चा टीजीए, म्हणजे थांबण्याचा संकेत, होतो. एफ११ मध्ये बदल एका अक्षराचा नसून १२ व्या एक्सॉनमध्ये ७६ अक्षरे घुसलेली आहेत, त्यामुळे तिथे पट्ट्याच्या लांबीवरून कळते.

येथे एक खबरदारी मला फार महत्त्वाची वाटते. म्हशीत आयटीजीबी२ ची जागा सापडली, याचा अर्थ म्हशीत तो रोग आहे असा होत नाही. जनुक सर्व सस्तन प्राण्यांत आहे, परंतु १२८ व्या जागेचा तो बदल होल्स्टीनच्या वंशावळीत निर्माण झाला आणि पसरला. कुत्र्यांत आयरिश सेटर जातीत याच जनुकामुळे असाच रोग होतो, पण तिथे बदललेले आहे ३६ व्या जागेचे सिस्टीन, ज्याच्या जागी सेरीन आले. माणसांत तर या जनुकातील अनेक निरनिराळे बदल नोंदले गेले आहेत. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत, तुमच्या तक्त्यावरून आमच्या म्हशीला हा रोग होईल का, असा प्रश्न विचारला जातो आणि घरी दूध घालणारे वडीलही तोच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर तक्त्यात नसते. त्यासाठी म्हशींचे नमुने तपासावे लागतात.

तक्ता संगणकावर उतरवताना

म्हशीच्या गुणसूत्रासमोर गायीचा जोड म्हणून ५/२८ किंवा ८/१९ असे लिहिले, की तक्त्याचे सॉफ्टवेअर त्याला तारीख समजते आणि जोड नाहीसा होतो. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्यावा किंवा मध्ये अधिकचे चिन्ह वापरावे. काही जनुकांच्या नावांचेही असेच होत असे आणि त्यामुळे २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने मार्च आणि सेप्ट यांपासून सुरू होणारी नावेच बदलली.

विद्यार्थिनीच्या तक्त्यातील म्हशीची ती ओळ आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिली. पूर्वी तिथे केवळ एक आकडा होता. आता त्या चौकटीत असे आहे: एफ११, नदी-म्हैस, ५० गुणसूत्रे, गुणसूत्र १, लहान भुजा, गायीच्या २७ शी समरूप, नामपद्धती २००० ची, जुळणी यूओए_डब्ल्यूबी_१, शेजारी केएलकेबी१ आणि सीवायपी४व्ही२, उलट शोध केलेला. चौकट मोठी झाली म्हणून तिला पान आडवे करावे लागले, आणि मेंढीची ओळ तिने न विचारता त्याच पद्धतीने भरून आणली: गुणसूत्र २६.